आईच्या पट्ट्यातलं पोलाद

लग्नाच्या दिवशी सकाळी नवरी मुलगी शिलाई मशीनच्या खाली आडवी पडून चिंध्या उपसत होती. मुलगी आपलं म्हणायचं म्हणून. थोरलीने पन्नाशी मागे टाकली त्याला बराच काळ लोटला होता आणि तिचे गुडघे दर हालचालीला कुरकुरत होते. मशीनच्या पलीकडून धाकटीही तेच करत होती. मध्येच दोघींची डोकी एकमेकींवर आपटली आणि दोघी खो खो हसत सुटल्या. मग थोरलीला आठवलं की आपण हसण्याच्या परिस्थितीत नाही, आणि ती गप्प बसली.

किल्ली सापडत नव्हती. दुकानाच्या मागच्या भिंतीला एक लोखंडी कपाट होतं, कपाटात लग्नाचा पोशाख होता, आणि कपाटाला कुलूप होतं. पोशाख म्हणजे असातसा नव्हे. गर्द निळा, पायघोळ, असा घेरदार की बसायला दोन खुर्च्या लागाव्यात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नवऱ्या सजवल्यावर थोरलीने पहिल्यांदाच स्वतःसाठी कात्री धरली होती. आणि कुलूप तर खुद्द नवरदेवाने बनवलेलं. नवरदेव कुलूपवाला होता. गेल्या आठवड्यात त्याने ते स्वतःच्या हाताने कपाटाला बसवलं आणि लाजत लाजत म्हणाला, "दार नुसतं लोटलं की आपोआप बसतं. किल्ली एकच आहे हं."

ती एकच किल्ली काल संध्याकाळपर्यंत कापणीच्या टेबलावर होती.

"ताई, मी काय म्हणते," धाकटी चिंध्यांतून तोंड बाहेर काढून म्हणाली, "भाऊजींना फोन कर. ते येतील, कुलपावर फुंकर मारतील, दार उघडेल. कुलूपवाल्याशी लग्न करायचं आणि कुलपापुढे रडत बसायचं, हा कुठला शहाणपणा?"

"फोन करायचा नाही."

"का पण?"

"नाही म्हटलं ना."

दारापाशी खुर्चीत आई बसली होती. मुली लहान असल्यापासून ती ह्या दुकानावर तिथूनच देखरेख करत आली होती, आणि कंबर गेल्यापासून तर ती खुर्ची आणि ती वेगळी राहिली नव्हती. ती म्हणाली, "कपाटात काहीतरी आहे. पोशाख सोडून."

थोरलीचा चेहरा पडला. आईला कुणी काही सांगावं लागत नसे, आणि त्याचा थोरलीला जन्मभर त्रास झाला होता.

कपाटात बरणी होती. काचेची, बटणांची, अगदी पहिल्या कप्प्यात, उभ्या माणसाच्या बरोबर डोळ्यांसमोर. आणि त्या बरणीत कोटाच्या बटणांच्या मधोमध थोरलीची लबाडी पडलेली होती.

झालं होतं असं. दोनेक वर्षांपूर्वी दुकानाच्या शटरचं कुलूप अडकलं. तेव्हा ते खरोखरच अडकलं होतं. कुलूपवाल्याला बोलावलं. तो आला, फुटपाथवर मांडी घालून बसला, कापडाच्या गुंडाळीतून बारीक बारीक आकडे काढले आणि कुलपाशी हळू आवाजात बोलू लागला. "चल, राणी, रुसू नको. हं. अजून थोडं." थोरली चहाचा कप घेऊन मागे उभी होती. तिच्या कानांना काय झालं देव जाणे. तो गेला आणि दुकान असं ओकंबोकं वाटायला लागलं की तिने त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या बाह्या उलट्या शिवल्या.

थोड्या दिवसांनी आतल्या खोलीची किल्ली हरवली. हरवली म्हणजे थोरलीने ती स्वतःच्या हाताने बटणांच्या बरणीत टाकली आणि फोन उचलला. तो आला, कुलूप उघडलं, नवं बसवलं, नवी किल्ली दिली. मग ड्रॉवरची किल्ली हरवली. मग जिन्याच्या दाराची. मग पुन्हा आतल्या खोलीची. धाकटी म्हणायला लागली, ताईचं वय झालं. थोरली ते मुकाट्याने ऐकून घ्यायची, कारण दर खेपेला तो जरा जास्त वेळ बसायचा, आणि शेवटी शेवटी तर तो तिला शिकवायलाच लागला.

"आधी धातू ओळखायचा," तो सांगायचा. "कुलूप मग. मऊ धातू घेतलात तर तो आत गेल्यावर वाकतो, आणि तुम्हाला वाटतं कुलूपच हललं. कडक घेतलात तर आतच मोडतो, मग बसा. आपल्याला हवा तो वाकणारा, पण वाकून परत जागेवर येणारा." त्याचे आकडे रस्ता झाडणाऱ्या गाडीच्या ब्रशातून गळून पडलेल्या पोलादी काड्यांचे होते. सकाळी फिरायला जाताना तो त्या वेचायचा. थोरलीने त्याच्यासाठी दोन काड्या वेचून दिल्या तेव्हा त्याने त्या वरच्या खिशात ठेवल्या होत्या.

एकच गोष्ट तिला खटकायची. त्याच्या किल्ल्यांना वर भोक नसायचं. गुळगुळीत चपटं डोकं, मोठ्या बटणासारखं. "अहो, भोक पाडा ना, रिंगेत तरी घालता येईल," ती म्हणायची. तो दर वेळी म्हणायचा, "विसरलोच की."

सगळं असं गोड चाललं असताना एक दिवस तो कुलपाच्या भोकात डोळा घालून, तिच्याकडे न बघता म्हणाला, "काही माणसं खोटंच बोलावतात बरं का. किल्ली घरात असते आणि हरवली म्हणून फोन करतात. कुलूपवाल्याला खोटं बोलावणं ही त्याच्या विद्येची थट्टा आहे. असल्या माणसाचं तोंड मी पुन्हा बघत नाही." थोरली घाईघाईने चहाचे कप उचलायला लागली. लग्न ठरलं की सांगीन म्हणाली, ठरलं तेव्हा गप्प बसली. आज उद्या करता करता लग्नाचा दिवस उजाडला. तो माणूस शब्दाचा पक्का होता. आज दुपारी नोंदणी कचेरीत सह्या व्हायच्या होत्या आणि सकाळी त्याने कपाट उघडून बरणी बघितली, तर सह्या व्हायच्याच नाहीत असं तिला अगदी खात्रीने वाटत होतं.

"मी उघडते," थोरली म्हणाली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कशाने?" धाकटीने विचारलं.

हा प्रश्न खरा होता. दुकानात टोकदार वस्तूंना तोटा नव्हता, पण कुलपात जायच्या लायकीची त्यातली कुठली, हे ठरवायचं होतं. धाकटीने केसातली पिन काढून दिली. थोरलीने ती बोटात धरून वाकवली, आणि पिन वाकली ती वाकलीच. "मऊ. ही आत जाऊन खोटं सांगेल," थोरली म्हणाली.

"तू अगदी त्यांच्यासारखी बोलतेस."

"गप. सुई दे, मोठी."

गोणपाट शिवायची सुई आली. थोरलीने ती पकडीत धरून जराशी वाकवायला घेतली, तर ती ताडकन मोडली आणि टोक उडून कॅलेंडरवर आदळलं. ही आत मोडली असती तर जन्माचं दार बंद. मग सेफ्टी पिन बाद झाली, विणकामाची सुई बाद झाली, आणि धाकटीने उत्साहाच्या भरात आईची छत्री उघडून तिची काडी उपसली. काडी पोलादी होती, वाकून परत येत होती, सगळं छान. पण ती पन्हळीसारखी दुमडलेली निघाली. भोकात शिरेना.

"माझी छत्री," आई म्हणाली.

"नवी घेऊ गं."

"पाऊस नवीची वाट बघणार आहे का?"

आता कुलूप उघडायला दोन वस्तू लागतात, हे थोरलीला पाठ होतं. एक बारीक आकडा आतल्या खिट्ट्या एकेक करून उचलायला, आणि दुसरी कुलूप अलगद फिरवून धरायला. दुसरीसाठी काय, हे तिला अचानक सुचलं. ती ट्रायलच्या पडद्याआड गेली. आतून थोडी झटापट ऐकू आली, शिलाई उसवल्याचा आवाज आला, आणि ती बाहेर आली ती हातात आतल्या चोळीतली एक अर्धगोल तार घेऊन. तिने ती दाबली. तार दबली आणि टुणकन परत आली.

धाकटीने तारेकडे बघितलं, मग थोरलीकडे बघितलं. "ताई, तू एका बाजूने उतरलीस."

"दिसतं का?"

"चालताना दिसेल."

ह्यावर तिघींचीही हसून हसून पुरेवाट झाली. आईसुद्धा हसली, आणि हसताना तिच्या कंबरेतून करकर असा आवाज आला. दोघी बहिणी एकदम थांबल्या. दोघींनी एकाच वेळी आईकडे मान वळवली.

आईच्या कंबरेला पट्टा होता. तो ह्या दोघींनीच शिवलेला. डॉक्टरांनी सांगितलेला पट्टा आईला टोचायचा, म्हणून त्यांनी जुन्या घट्ट झग्यांतल्या पोलादी पट्ट्या काढून जाड कापडात बसवल्या होत्या. पातळ, चपट्या, निळसर पट्ट्या. आई रोज उठता बसता त्या वाकवायची आणि त्या रोज जागेवर यायच्या. वर्षानुवर्षं. एवढी परीक्षा दुकानातल्या दुसऱ्या कुठल्या धातूने दिली नव्हती.

"माझ्याकडे अशा बघू नका," आई म्हणाली.

"आई, एकच."

"एक काढली की मी कलणार."

"आम्ही धरू ना तुला."

आईने दोन्ही हातांनी पट्टा धरला. तिचे डोळे मात्र बारीक झाले होते, आणि थोरलीला ती नजर लहानपणापासून माहीत होती. "कपाटात काय आहे ते सांग. मग घे."

थोरलीने धाकटीला पाणी आणायला पिटाळलं, आईच्या कानाशी वाकली आणि सगळं सांगून टाकलं. बरणी, किल्ल्या, आतल्या खोलीचं कुलूप दोनदा, तोंड पुन्हा बघत नाही म्हणाला ते, सगळं. सांगता सांगता तिचा आवाज ओला झाला. "आई, त्याला कळलं तर तो जाईल गं."

आईचा पट्टा पुन्हा करकरला. "तुझ्या वडिलांची सायकल आमच्याच दारात पंक्चर व्हायची," ती म्हणाली. "दर खेपेला."

"म्हणजे?"

"टाचणी माझी होती." आणि तिने पट्ट्याची डावी शिवण पुढे केली. "उसव. सरळ उसव, कापड फाडू नकोस."

पट्टी हातात आल्यावर थोरलीचे हात चालू लागले. कात्रीला धार लावायच्या दगडावर तिने ती घासायला घेतली. धाकटी वरून पाणी सोडत होती. पट्टी तापू द्यायची नाही, तापली की पोलाद मऊ पडतं, हेही तिने मांडी घालून बसलेल्या त्या माणसाकडूनच ऐकलं होतं. दगडावरून निळसर पाणी ओघळलं. टोकाला छोटासा आकडा आला, देखणा, गुळगुळीत. धाकटीने कौतुकाने मान डोलावली. थोरलीने तो भोकाशी नेला आणि तो आत जाईना.

"असं कसं? भोकाचं माप घेऊन घासलाय," थोरली म्हणाली.

धाकटीने आकडा उलटासुलटा करून बघितला आणि कपाळावर हात मारला. "ताई, तू शिलाईला जागा सोडलीस."

खरंच सोडली होती. माप घेतलं की दोन्ही बाजूंनी थोडं जास्तीचं राखून कापायचं, हे तिच्या हातात इतकं मुरलं होतं की पोलादालाही तिने तेच केलं. ती पुन्हा दगडावर बसली. बाहेर उन्हं चढली होती. ह्या खेपेला तिने नेमकं तेवढंच ठेवलं.

मग तिने कपाटापुढे मांडी घातली. तार खाली लावून अलगद दाबली, आकडा आत सरकवला आणि डोळे मिटले. आत काही दिसायचं नसतंच. कपड्याच्या आतून शिवण चाचपावी तशी तिची बोटं खिट्ट्या चाचपत गेली. एक उचलली. दुसरी सुटली. पट्टी वाकली, परत आली आणि काय काय हललं ते खरं खरं सांगू लागली. "चल राणी," थोरली पुटपुटली, "रुसू नको."

"कुणाशी बोलतेस?" धाकटीने विचारलं.

"शू."

तार एकदम फिरली. कपाट उघडलं. थोरली उठायला गेली आणि आनंदाच्या भरात उठताच येईना, म्हणून बसल्या बसल्याच तिने धाकटीच्या पायांना मिठी मारली. त्या कुलपातून एवढा आनंद निघेल असं ते बनवणाऱ्यालाही वाटलं नसेल. आई खुर्चीत डावीकडे कललेली होती आणि तशीच टाळ्या वाजवत होती.

मग थोरलीचं बरणीकडे लक्ष गेलं. बरणीत नुसती बटणं होती. तिने बरणी हलवली, उपडी केली. बटणं घरंगळत गेली.

"ह्यात काही तुकडे होते. चपटे," ती म्हणाली.

"त्या जुन्या किल्ल्या? त्या मी घेरात घातल्या," धाकटी म्हणाली.

"कुठे?"

"अगं, घेराच्या दुमडीत. काल तू झोपायला गेलीस आणि माझ्याकडची वजनं संपली. घेर हवेवर उडत होता. वजनाशिवाय कधी पडतो का तो नीट? बरणीत त्या बिनभोकाच्या किल्ल्या दिसल्या, कुलपंच राहिली नाहीत म्हटल्यावर किल्ल्यांचं काय करायचं? एकेकीला पिशवी शिवून आत बसवल्या, पोशाख कपाटात टांगला आणि दार लोटलं. असा पडतो म्हणून सांगू घेर." ती बोलता बोलता थांबली. "एक टेबलावर पण पडली होती. तशीच, बिनभोकाची."

थोरलीने पोशाखाचा काठ हातात धरला. कपाटाची किल्ली कपाटातच होती.

ती उसवायला कात्री शोधत होती तेवढ्यात बाहेर टॅक्सीचा भोंगा वाजला. मग एकच धांदल उडाली. पोशाख डोक्यावरून खाली आला, हुक लागले, टॅक्सीवाला पुन्हा भोंगा वाजवू लागला. आरशात बघायला वेळ नव्हता तरी थोरलीने बघितलं, आणि घेर खरोखरच असा पडला होता की एरवी तिने धाकटीची पाठ थोपटली असती. तिने एक पाऊल टाकलं. टिक.

"हे काय?"

"शेवटी पिशव्या कमी पडल्या," धाकटी ओशाळून म्हणाली. "टेबलावरची दुसरीबरोबर घातली. दोघी एकत्र आहेत."

नोंदणी कचेरीच्या लांबलचक फरशीवरून नवरी आली ती अशी: इंचाइंचाने, पाय न उचलता, एका बाजूने किंचित उतरलेली. तिच्या दंडाला धरून आई, दुसऱ्याच बाजूने कललेली. मागून धाकटी, हसू दाबून दाबून लाल झालेली. बाकावर कुलूपवाला बसला होता. नवा कोट, घासून घासून स्वच्छ केलेली नखं. थोरलीला बघून तो उभा राहिला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. थोरलीला वाटलं, निभावलं.

टिक.

त्याने मान तिरकी केली. तो तसा कुलपापुढे करायचा. "जरा पुन्हा चाला बघू," तो म्हणाला.

"कशाला?"

"चाला तर."

ती चालली. टिक, टिक. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर लपवण्याचा तिला इतका कंटाळा आला होता की तिला रडूच फुटलं. "हरवल्या नव्हत्या," ती म्हणाली. "एकही हरवली नव्हती. मीच बरणीत टाकायचे आणि तुम्हाला फोन करायचे. खोटं बोलावलं मी तुम्हाला. दर खेपेला. आता तोंड बघायचं नसेल तर नका बघू."

कचेरीतला कारकून शिक्का हातात धरून ऐकत राहिला. कुलूपवाला खाली गुडघ्यांवर बसला. त्याने घेराचा काठ हातात घेतला आणि कापडावरून बोटं फिरवत गेला. "ही जिन्याच्या दाराची," तो म्हणाला. "ही ड्रॉवरची. ही आतल्या खोलीची, पहिली. आणि ह्या दोघी एकत्र." तो तिथेच थांबला. मान वर केली तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"मी सगळ्यांच्या किल्ल्यांना भोक पाडतो," तो म्हणाला.

"माझ्या नाही पाडलंत."

"नाही पाडलं. रिंगेत अडकवल्या असत्यात, तर हरवल्या नसत्या."

थोरलीने हाताच्या पाठीने डोळे पुसले.

"आणि ते तोंड बघत नाही म्हणालात ते?"

"ते तुमच्याकडून कबूल करून घ्यायला म्हणालो होतो. तुम्ही लाजाल, बोलाल, मग मीही माझं सांगीन. तुम्ही तर मूग गिळून बसलात. मग मलाच धीर होईना."

धाकटीचा बांध फुटला. ती भिंतीला टेकून हसू लागली. तिचं बघून कारकून हसला, मग थोरली रडता रडता हसली. कुलूपवाला मात्र अजून गुडघ्यांवरच होता. त्याला काहीतरी आठवलं होतं. "थांबा. कपाटाची किल्ली इथे शिवलेली आहे. मग पोशाख बाहेर कसा आला?"

थोरलीने पिशवीतून आकडा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो उजेडात धरला, टोकाला नख लावून वाकवला, सोडला. आकडा जागेवर आला. त्याने पुन्हा वाकवला. त्याच्या चेहऱ्यावर जो आदर उमटला तो थोरलीने आजवर फक्त कुलपांच्या वाट्याला आलेला बघितला होता.

"माझं कुलूप ह्याने उघडलंत?" तो म्हणाला. "असलं पोलाद माझ्याकडेसुद्धा नाही. कुणाचं हे?"

"माझं," आई म्हणाली. "सह्या झाल्या की परत पाहिजे. मी पडायला आले आहे."

सगळ्यांनी तिला धरून बाकावर बसवलं. कारकुनाने हाक मारली. टेबलाकडे जाताना कुलूपवाल्याने कोटाच्या वरच्या खिशात हात घातला. त्या खिशातून आधी दोन पोलादी काड्या निघाल्या, त्या त्याने घाईघाईने परत आत ठेवल्या. मग एक किल्ली काढून थोरलीच्या हातात दिली. त्याच्या घराची. सकाळीच केलेली, अजून कानशीचा वास येत होता.

थोरलीने ती उलटून बघितली. वरच्या बाजूला, बरोबर मध्यावर, भलंमोठं भोक होतं.